बॅज बाहेर खिळ्याला, मी आत

त्या दिवशी जळगावच्या दवाखान्यात, हृदयाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. मी सुभद्रा, वय सत्तरच्या आसपास, शाळा चौथी. माझा मुलगा गोकुळ, धुळ्यात पिठाच्या गिरणीवर कामाला आहे. त्याची बायको ज्योती. टेबलाच्या पलीकडे डॉक्टरीणबाई, वयानं ज्योतीएवढ्याच. आणि फाईल घेऊन उभी एक केरळची सिस्टर. तिला मराठी थोडंच येत होतं, पण माझा हात तिनंच धरला होता. माझे मालक नव्हते, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. एवढीच माणसं. जे बोलणं झालं ते सगळ्यांनी ऐकलं, म्हणून मी काही वाढवून सांगत नाही.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. दवाखान्यात नोकरी करून करून माझी मराठी झाली. मी बोलते आणि ज्योती लिहून घेते.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर माझं हृदय दाखवलं. हलत होतं. म्हणाल्या, "आजी, ही मोठी नळी सुरुवातीलाच बंद होत आलीय. आणि ही झडप कडक झालीय, नीट उघडत नाही. ऑपरेशन लागेल. छाती उघडून."

गोकुळ म्हणाला, "गोळ्यांवर नाही भागणार?"

"नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कधी कॅन्सर झाला होता का? छातीला किरणांचे लाईट घेतले होते?"

मी म्हटलं, "नाही बाई. असं का विचारता?"

"छातीला लाईट घेतलेल्या माणसांमध्ये मी असं पाहिलंय. नळी अशी तोंडाशीच बंद, झडप अशी कडक. म्हणून विचारलं. काम काय करत होतात?"

"धुळ्याला हाडाच्या दवाखान्यात मावशी होते. एक्सरेच्या खोलीत. पंचवीस वर्षं."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

*

दुखणं सुरू झालं ते चैत्रात. गच्चीवर बिबड्या घालत होतो. ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, वाळवायचं, सगळ्या गल्लीतल्या बायका एकमेकींकडे जातात. मी थापत होते आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, जबडा पण दुखायला लागला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसले. बायकांना सांगितलं, ऊन लागलं. घरी ओवा खाल्ला.

असं दोन महिने लपवलं. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या. पाचवीवर मला बसावं लागायचं.

ज्योती एक दिवस म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही रोज पाचवी पायरीवर कसाले बठतस?"

म्हटलं, "हवा खावाले."

"हवा ते गच्चीवर शे."

ती काही वेडी नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही, मला धरून डॉक्टरकडे नेलं. तिथून कागद घेऊन जळगावला. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसले. गोकुळ दर गावाला विचारायचा, "माय, दुखस का?" दुखत होतं. नाही म्हणत होते.

*

आता त्या खोलीतलं काम सांगते. त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एक्सरे काढताना माणूस हलला की फोटो खराब. मोठी माणसं ऐकतात. लहान पोरं ऐकत नाहीत. पोराचा हात मोडलेला, अंधारी खोली, वरून मोठं मशीन. आई धरायला आली की तीच रडायची. मग हाक यायची, "मावशी!" मी पोराचं डोकं माझ्या पोटाशी धरायची, मोडलेला हात एक्सरेच्या पाटीवर सरळ ठेवायची आणि त्याला म्हणायची, बघ तिकडे चिमणी आली. चिमणी कुठली असणार तिथं. पण पोरगं बघायचं, तेवढ्यात फोटो निघायचा. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालक, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, सुभद्रामावशीनं धरलं की एकाच फोटोत काम. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

ऑपरेशनच्या खोलीत पण मी असायची. हाड बसवताना डॉक्टर टीव्हीवर बघत बसवतात, ते एक्सरेचंच मशीन असतं, सारखं चालू. पाय खेचून धरायला ताकद लागते. मी साक्री तालुक्यातली, पिंपळनेरकडची. शेतात राबलेले हात. डॉक्टर म्हणायचे, मावशी, सोडू नका. मी सोडायची नाही.

किरणांसाठी शिशाचे जड ॲप्रन असतात. एक डॉक्टरांचा. एक वसंतभाऊंचा. वसंतभाऊ म्हणजे आमचे एक्सरे काढणारे. तिसरा जुना होता, तो माझ्या वाट्याला. काम झालं की मी तो नऊवारीसारखा चापून घडी घालून कपाटात ठेवायची. चांगला राहावा म्हणून. घडी घातली की आतलं शिसं चिरतं, टांगूनच ठेवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एकदा बॅज आले. काडेपेटीएवढे, मागे चिमटा. वसंतभाऊंनी माझ्या पदराला लावला. मी म्हटलं, "हे कशाला?"

म्हणाले, "किरणांसाठी."

एवढंच. मी समजले, हा किरणं ओढून घेतो. पोराच्या गळ्यात ताईत बांधतात, तसं काही असेल. तीन महिन्यांनी तो कुठंतरी पाठवायचे, दुसरा यायचा. मला वाटलं, भरला की बदलतात.

एक दिवस दोन वर्षांचं पोरगं आलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. एवढंसं पोर. मी माझा बॅज काढला आणि त्याच्या झबल्याला लावला. म्हटलं, माझं काय, मी म्हातारी होणार आहे, याचं सगळं आयुष्य पडलंय. तेव्हापासून जे पोरगं धरायची, त्याच्या कपड्याला बॅज लावायची, फोटोत येणार नाही असा बाजूला. कधी फोटोत आलाही. वसंतभाऊ ओरडले, मी आणखी खाली सरकवला.

तीन महिन्यांनी कागद आला. माझ्या नावापुढे आकडा मोठा. मोठे डॉक्टर तापले. चौकशी लागेल म्हणाले. वसंतभाऊंनी मला पॅसेजमध्ये उभं करून विचारलं, "हे काय केलं मावशी?" मी सांगितलं. ताठ मानेनं सांगितलं, मी बॅज पोरांना लावते म्हणून.

ते इतके हसले की स्टुलावर बसले. "अवं माय, हाऊ काय ताईत शे का?"

हसले. पण मग तो काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी पॅसेजच्या भिंतीत खिळा ठोकला. म्हणाले, "आत जाताना बॅज इथं टांगायचा. काही भानगड नको." मग आणखी खिळे ठोकले. त्यांचा स्वतःचाही बॅज तिथंच टांगायला लागले. त्यानंतर माझे सगळे कागद चांगले आले. दर वेळी वसंतभाऊ म्हणायचे, "मावशी, पास." मी पेढा मागायची.

आठ वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले. तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना सांगून माझ्या जागेवर ज्योतीला लावलं. पहिल्या दिवशी तिला सगळं मीच दाखवलं. पोराला कसं धरायचं. चिमणी कशी दाखवायची. आणि म्हटलं, "आत जाताना बॅज खिळ्याला टांगत जा."

*

जळगावला माझी अँजिओग्राफी झाली तेव्हा मला टेबलावर झोपवलं आणि वरून मशीन आलं. मी ओळखलं त्याला. पण खोलीतली माणसं बघितली तर सगळ्यांच्या अंगावर ॲप्रन आणि बॅज, गळ्याला पण शिशाचा पट्टा. फरशी पुसणारी बाई दाराबाहेर थांबवलेली. तिच्या पण छातीला बॅज. मी जवळच्या माणसाला विचारलं, "तुम्ही खिळ्याला नाही टांगत?"

त्याला वाटलं, आजी घाबरून काहीबाही बोलतात. म्हणाला, "आजी, हात हलवू नका."

*

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवला तिथपर्यंत सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं, बॅजचे सगळे कागद आणा. गोकुळ धुळ्याला जाऊन झेरॉक्स घेऊन आला. दोन दिवसांनी परत तीच खोली, तीच माणसं. बाईंनी एकेक पान उलटलं. बॅज आले त्या वर्षातलं ते एक मोठ्या आकड्याचं पान. त्याच्या पुढचं सगळं कोरं.

म्हणाल्या, "आजी, त्यानंतर या कागदांवरून तुम्ही त्या खोलीत कधी गेलाच नाहीत."

मी म्हटलं, "बाई, रोज जात होते."

"मग बॅज?"

"बाहेर. खिळ्याला."

त्यांनी मला समजावलं. बॅज काही अडवत नाही. तो फक्त मोजतो, अंगावर किती आलं ते. अडवतो तो ॲप्रन. मी ऐकून घेतलं. पंचवीस वर्षं काम करून आता कळलं. त्या एवढंही म्हणाल्या, "हे किरणांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्हाला बीपी आहे, वय आहे, मिश्री लावता. तुमच्यावर किती किरणं आली ते माहीत असतं तर काही बोलता आलं असतं. आता ते कोणालाच कळणार नाही."

मग त्यांनी ज्योतीकडे बघितलं. "तुम्ही काय करता?"

ज्योती म्हणाली, "तेच काम."

"आणि तुमचा बॅज आत्ता कुठे आहे?"

ज्योतीच्या आधी मीच सांगितलं, "खिळ्याला आहे बाई. मीच शिकवलं तिला."

छाती उघडणार म्हणाल्या तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

*

ऑपरेशनला आठ दिवस होते. मला वॉर्डात ठेवलं. पहाटे रक्त घ्यायला यायचे, मग गोळ्या, मग बिनमिठाची खिचडी. माझ्या शेजारच्या खाटेवर जुबेदाबी होत्या, भुसावळच्या. त्यांची झडप बदलून झाली होती. मला म्हणायच्या, "अक्का, तुम्हारी बहू रोती रहती है, मेरी बहू मोबाइल देखती रहती है. बदल लें क्या?" हसताना त्या छातीला उशी धरायच्या, टाके दुखतात म्हणून. मला पण शिकवलं, खोकताना उशी कशी धरायची.

मला दोन भीती होत्या. एक, टेबलावरून मी उठेन का. दुसरी, मी नाही उठले तर ज्योतीचा बॅज कोण काढणार त्या खिळ्यावरून.

गोकुळला सांगितलं, मी मोठ्या डॉक्टरांशी बोलणार. तो चिडला. "माय, तू आते उगी ऱ्हाय. तिनी नोकरी गयी ते खावूत काय? बठ्ठं घर तिन्हावर चालस." सगळं घर तिच्यावर चालतं, हे खरंच होतं.

मी म्हटलं, "अन् तिनी छाती गयी ते?"

"तिले काही व्हयेल नही."

"माले बी काही व्हयेल नव्हतं. पंचवीस वरीस."

तो बाहेर निघून गेला. ज्योती माझ्या केसांना तेल लावत होती. ती कोणाच्याच बाजूनं बोलली नाही. नुसतं म्हणाली, "आत्याबाई, मला पण तो बॅज ताईतच वाटायचा. मी पण दोन-तीनदा पोरांना लावला. वसंतभाऊंनी पाहिलं नाही."

*

मोठे डॉक्टर स्वतःहून भेटायला आले. धुळ्याहून गाडी करून, सोबत वसंतभाऊ. सफरचंदं आणली, नारळ आणला. डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. इतक्या वर्षांत ते बसलेले आणि मी पडलेली, असं पहिल्यांदा झालं.

म्हणाले, "मावशी, मी ऐकलं तुम्ही इथं आमच्या बॅजबद्दल काही बोललात. तुमचे रिपोर्ट तर क्लीन आहेत."

मी म्हटलं, "डॉक्टर, तो रिपोर्ट खिळ्याचा आहे. खिळ्याला काही झालेलं नाही."

जुबेदाबींनी तोंडावर ओढणी घेतली. वसंतभाऊ खिडकीकडे बघायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "तुमचं बीपी, तुमची मिश्री, हे पण बघा ना."

"बघितलं. माझं माझ्यापाशी. मी कोणाचं नाव घेत नाही. पण ज्योतीला बीपी नाही, मिश्री नाही. तिला काय झालं तर तुम्ही काय म्हणाल?"

त्यांनी घड्याळात बघितलं.

मी म्हटलं, "मला तुमच्याकडून काही नको. तिचा बॅज तिच्या अंगावर राहू द्या. तिला चांगला ॲप्रन द्या, न चिरलेला. आणि पोराला त्याचा बाप धरेल, ॲप्रन घालून. एकदाच धरायचंय त्याला. आमच्या बायका दिवसाला दहा धरतात."

वसंतभाऊ तेवढ्यात म्हणाले, "मावशी, बापानं धरलं की पोरगं हलतं. चार चार फोटो काढावे लागतात."

"त्याला चिमणी दाखवायला शिकवा."

डॉक्टर उठले. म्हणाले, "बघू. तुम्ही आधी बऱ्या व्हा." बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यांच्याकडे पगारवाढ मागितली तरी बघूच म्हणायचे.

ते गेल्यावर जुबेदाबी म्हणाल्या, "अक्का, बात तो कडवी थी, सेब मीठे हैं. काटूं?"

गोकुळ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. जेवण आणायचा, ठेवायचा, जायचा.

*

ऑपरेशनच्या दिवशी नथणी काढून घेतली. ती वीस वर्षांत निघाली नव्हती, साबण लावून काढली. मिश्रीची डबी मी उशीखाली लपवली होती, ती सिस्टरला सापडली. तिनं नुसतं बोट हलवलं. मी डबी दिली. आत नेताना गोकुळ स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होता. दाराशी त्याला थांबवलं, तेव्हा तो बोलला. म्हणाला, "माय, मी सांगसू डॉक्टरले. तू चिंता करू नको." 

पुढचं मला आठवत नाही. जागी झाले तेव्हा तोंडात नळी होती, घसा कोरडा, आणि छाती माझी नव्हतीच, कोणाची तरी दुसऱ्याची आणून बसवल्यासारखी. केरळची सिस्टर कापसानं ओठ ओले करत होती. पाणी मागायला आवाज नव्हता. तिला मागायच्या आधीच कळायचं.

तिसऱ्या दिवशी चार पावलं चालवलं. दहाव्या दिवशी वीस. जुबेदाबी माझ्या आधी घरी गेल्या, जाताना त्यांची खोकायची उशी मला देऊन गेल्या. टाके भरायला दोन महिने लागले. कुशीवर झोपता येत नव्हतं. कोणी मोठ्यानं बोललं तरी धडधडायचं. एकटं बसलं की उगीच रडू यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या ऑपरेशननंतर पुष्कळांना येतं, जाईल. ते माझं अजून पूर्ण गेलेलं नाही.

*

ज्योती परत कामावर गेली तेव्हा तिनं खिळ्यावरून बॅज काढून छातीला लावला, वरून ॲप्रन घातला. वसंतभाऊ म्हणाले, "मोठी शहाणी झाली." ती आत कामाला गेली. नोकरी जाईल म्हणून गोकुळ रोज संध्याकाळी तिचं तोंड बघायचा.

तीन महिन्यांनी कागद आला. तिच्या नावापुढे आकडा होता. फार मोठा नाही, पण कोरा नव्हता. वसंतभाऊ तो कागद नाचवत आले, बघ, तुझ्यामुळे आता विचारणा होईल. ज्योती म्हणाली, "होऊ द्या. मी तिथं होते ना." संध्याकाळी तिनं मला त्या कागदाचा मोबाईलमधला फोटो दाखवला. मी चष्मा लावून आकडा बघितला. भीती वाटली. आणि बरं पण वाटलं. पहिल्यांदा आमच्या घरातल्या बाईचं नाव त्या कागदावर खरं लागलं होतं.

नोकरी गेली नाही. मोठ्या डॉक्टरांनी दोन नवे ॲप्रन आणले. एक्सरेच्या खोलीत आता बऱ्याचदा पोराचा बापच धरतो. पण ऑपरेशनच्या खोलीतून ज्योतीला काढलं आणि तिच्या जागी एक नवीन बाई लावली. नवरा नसलेली, दोन पोरी आहेत. ज्योती म्हणते, तिचा बॅज भिंतीवर असतो. ज्योतीनं तिला दोनदा सांगितलं. ती म्हणते, "अक्का, मी नवीन आहे, मला बोलायला लावू नका." मी पण नवीन असताना हेच म्हटलं असतं. ज्योतीला म्हटलंय, तिला माझ्याकडे घेऊन ये. अजून आली नाही.

मी पायऱ्या चढते आता. सातवीवर बसते.

हे वाचणाऱ्याला माझं एकच मागणं आहे. तुमच्या पोराचा हात मोडला, तुम्ही त्याला घेऊन एक्सरेला गेलात आणि एखादी मावशी त्याला धरायला पुढे आली, तर तिला थांबवा. ॲप्रन मागून घ्या, तो घाला आणि पोराला स्वतः धरा. पोटात बाळ असलेल्या बाईनं आत जाऊ नये, घरातल्या दुसऱ्या कोणी धरावं. कोणीच नसेल आणि मावशीलाच धरावं लागलं, तर आधी तिला विचारा, मावशी, तुमचा ॲप्रन कुठे आहे, तुमचा बॅज कुठे आहे. डॉक्टरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारा. तिला स्वतःला विचारता येत नाही.